एडीएचडी असलेला मुलगा आणि खेळातला कच्चा लिंबू

कोरांटी

खूप दिवस इथे नुसती वाचत होते, आज लिहायला बसलेय कारण घरात ह्या विषयावर बोलून बोलून सगळेच थकलेत.

मुलगा नोव्हेंबरमधे ७ पूर्ण झाला, दुसरीत आहे. पुण्यात असतो, सिंहगड रोडला. मागच्या वर्षी डेव्हलपमेंटल पेडिकडे (मुलांच्या वाढीविकासाच्या डॉक्टरकडे) निदान झालं, एडीएचडी, कम्बाइन्ड टाइप, म्हणजे लक्ष न टिकणं आणि पायाला भिंगरी हे दोन्ही एकाच पॅकेजमधे. एका बैठकीत नाही झालं निदान. आम्ही दोघांनी फॉर्म भरले, वर्गशिक्षिकेने वेगळा भरला, कान तपासले, आयक्यूची टेस्ट झाली, फेरिटिन कमी निघालं म्हणून आयर्न चालू झालं, ऑटिझम नाही ना तेही बघून झालं. आठवड्यातून दोनदा ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) चालू आहे, औषध अजून नाही. हे आधीच सांगून टाकते म्हणजे "एकदा दाखवून घ्या" हा सल्ला नको.

आणि अभ्यासाचंही विचारायचं नाहीये. अक्षर कोंबडीचे पाय आहेत, असू देत. मला विचारायचंय ते खेळाचं.

आमच्या सोसायटीत संध्याकाळी साडेपाचला दहाबारा पोरं पार्किंगमधे जमतात. दिवाळीनंतर विषामृत फार जोरात होतं. आता ज्यांना माहितीय त्यांना माहितीय, विष मिळालं की जागच्या जागी बसायचं आणि कोणीतरी येऊन अमृत देईपर्यंत हलायचं नाही. आमच्या चिरंजीवांना दहा सेकंद एका जागी बसवत नाही. तो बसतो, पार्श्वभाग उचलतो, सरकतो, उठतो, परत बसतो, मग पळतोच. पोरं ओरडली चीटर चीटर, ह्याने समोर आली त्या मुलीला ढकललं, तिचं कोपर खरचटलं. रात्री ग्रुपवर मेसेज, "काही मुलांच्या पालकांनी मुलं खेळत असताना खाली थांबावं ही विनंती." काही मुलांच्या! त्यावर सात अंगठे. मी ऑफिसच्या बसमधे होते, खिडकीकडे तोंड करून बसले.

दुसर्‍या दिवशी पोरांनी आपापसात ठरवून त्याला कच्चा लिंबू केलं. तो इतका खूष होऊन वर आला, "आई मी लिंबू आहे, मला राज्य येतच नाही!" मी म्हटलं वा वा आणि कुकर लावायच्या निमित्ताने आत गेले. पंधरा दिवस गेले तसे. मग परवा पोळी खाता खाता म्हणाला, "आई, लिंबू असलं ना की आउट झालं तरी कोणी बघतच नाही."

त्याच आठवड्यात दुसर्‍या मजल्यावर वाढदिवस होता, आमच्या विंगमधली सगळी मुलं होती. फुग्यांचा गठ्ठा घेऊन माणूस लिफ्टमधे शिरला तेव्हा आम्ही दोघं त्याच लिफ्टमधे होतो.

तर, ग्रुपवर निदान सांगून टाकावं का, मी खाली जाऊन थांबावं का (तो म्हणतो नको, बाकीच्यांच्या आया येत नाहीत), आणि मुख्य म्हणजे तुमच्यापैकी कोणाच्या अशा मुलाला मित्र मिळालाय का. एक सुद्धा चालेल.

मोरपीस११

लिफ्टचं वाचून पोटात कालवलं. माझी मुलगी ५ वर्षांची आहे, आत्ताच फॉर्म भरतोय. वाचतेय सगळं.

तिरकस

आमच्या वेळी ह्याला वांडपणा म्हणत आणि त्याला औषध उलट्या हाताचं होतं. वाड्यात आम्ही अठरा पोरं होतो, निम्मी अशीच. कोणाच्या आईने फॉर्म भरले नाहीत. आता मूल एक, डॉक्टर चार. राग नसावा, दिवे घ्या.

अबोली_नाशिक

काका, दिवे घेतले पण उजेड काही पडला नाही.

कोरांटी, माझा मुलगा ९ चा आहे, तुझी पोस्ट म्हणजे आमचीच मागची दोन वर्षं. ग्रुपवर अजिबात सांगू नकोस. ग्रुपवर गेलं की ते लेबल होतं आणि मग बॉल कोणाच्याही काचेवर लागला तरी नाव ह्याचंच येतं. पण त्या मुलीच्या आईला एकटीला भेट, समोरासमोर. मी भेटले होते, दोन घरी चांगलं झालं, एका घरी बाईंनी दारातच उभं केलं. तयारी ठेव.

साधीसुधी_ओटी

मी लहान मुलांबरोबर ओटी म्हणून काम करते, १४ वर्षं झाली. तुमच्या मुलाला मी पाहिलेलं नाही त्यामुळे हे सर्वसाधारण, तुमच्या थेरपिस्टशी बोलूनच करा.

त्याला विषामृतचे नियम येत नाहीत असं नाहीये. घरी विचारा, तो तुम्हाला घडाघडा सांगेल. अडचण माहितीची नाही, नेमक्या त्या क्षणी ते करता येण्याची आहे. रसेल बार्कली म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, आयुष्य ह्याच विषयात गेलंय, त्यांचं हे कायमचं सांगणं. म्हणून घरी सोफ्यावर बसवून "असं ढकलायचं नाही हं बाळा" ह्या व्याख्यानाचा शून्य उपयोग होतो. तो मनापासून हो म्हणतो, खाली जातो आणि परत ढकलतो, आणि आपल्याला वाटतं मुद्दाम केलं. मदत तिथे लागते, पार्किंगमधे, ढकलायच्या अर्धा सेकंद आधी.

त्यांचाच एक ढोबळ हिशोब आहे, स्वतःवर ताबा ठेवण्याच्या बाबतीत ही मुलं वयाच्या साधारण ३० टक्के मागे असतात. म्हणजे तुमचा सात वर्षांचा मुलगा त्या बाबतीत पाच वर्षांचा धरायचा. बुद्धीने नाही हं. पाच वर्षांच्या मुलाला पोरं लिंबू करतातच ना? पोरांनी फॉर्म न भरता बरोब्बर निदान केलंय, फक्त त्याला ते लागतंय हा प्रश्न आहे.

खेळ कुठला हेही बघा. विषामृत म्हणजे गोठून बसणं, ह्या मुलांसाठी सगळ्यात अवघड. क्रिकेट त्याहून वाईट, एक बॅटिंग करतो आणि बाकीचे अर्धा तास उभे राहून आपला नंबर कधी म्हणून विचारतात. साधी पकडापकडी, सायकल, पोहणं, लगोरीत लगोरी रचायला पुढे पळणं, ह्यात त्याला थांबावं लागत नाही. आणि मित्र दहाबाराच्या घोळक्यात मिळत नाहीत, एकटा एक बोलवा. घरी किंवा गच्चीवर, पाऊण तास, काय करायचं ते आधी ठरलेलं (भेळ करायची, पतंगाला शेपूट लावायचं, काहीही), आणि भांडण व्हायच्या आत संपवायचं. चांगलं चाललंय म्हणून अजून अर्धा तास वाढवायचा मोह होतो, तिथेच माती होते. ज्याला बोलवाल तो वयाने लहान असला तरी चालेल.

कोरांटी

@साधीसुधी_ओटी, "पोरांनी बरोब्बर निदान केलंय" हे वाचून आधी राग आला, मग हसू आलं. आमच्याकडे सिनिअर केजीतला एक आहे पाचव्या मजल्यावर, त्याच्याशी ह्याचं जमतं खरं, पण मीच म्हणायचे अरे तुझ्या वयाच्या मुलांत खेळ.

गोडघाट्या

साखर आणि मैदा पूर्ण बंद करून बघा १५ दिवस. फरक पडला नाही तर सांगा.

अबोली_नाशिक

बंद केला होता, चार महिने. फरक पडला, मी चिडचिडी झाले. अहो साखर देऊन आणि न देऊन केलेल्या प्रयोगांचा एकत्रित अभ्यास १९९५ मधे जामा ह्या वैद्यकीय जर्नलमधे आलाय, मुलांच्या वागण्यात साखरेने फरक दिसला नाही. वाढदिवसाला पोरं नाचतात ती वाढदिवस असतो म्हणून. दातांसाठी कमी करा हवी तर.

आरोग्यधन_२४x७

[जाहिरात असल्याने प्रतिसाद काढला आहे. स्मरणशक्तीचे थेंब विकायला हा धागा नाही. - संपादक]

खडूफळा

मी सातारा जिल्ह्यात झेडपी शाळेत शिक्षक आहे. दुसर्‍या बाजूने लिहितो. माझ्या वर्गात ३४ मुलं, त्यात असा एक होता, आत्ता सहावीत गेला. पहिलं वर्ष मी त्याला रोज रागावलो, हे कबूल करतो. नंतर लक्षात आलं की हा साधारण आठ मिनिटं बसतो आणि मग त्याच्या खुर्चीला स्प्रिंग लागते. मग मी सातव्या मिनिटाला त्यालाच उठवायला लागलो, जा खडू आण, हजेरी हेडसरांकडे देऊन ये, झाडाला पाणी घाल. वर्गातली सगळ्यात जास्त कामं तोच करायचा आणि पोरांना वाटायचं सरांचा लाडका आहे. त्याने त्याचा भाव एकदम वधारला. मधल्या सुट्टीत त्याला खेळात घ्यायला लागले ते त्याच्यानंतर.

खेड्यातल्या कोणी वाचत असेल तर, शाळेत वर्षातून एकदा आरबीएसकेचं पथक येतं (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, २०१३ पासून), त्यांच्या तपासणीच्या यादीत एडीएचडी आहे. ते पुढे जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्रात (अशा मुलांची लवकर तपासणी आणि उपचार करणारं केंद्र) पाठवतात, पैसे लागत नाहीत. ह्या मुलाचे आईवडील आधी देवऋष्याकडे दोन कोंबड्या देऊन आले होते. त्यांना नावं ठेवत नाही, त्यांना दुसरं कोणी काही सांगितलंच नव्हतं.

तिरकस काका, उलट्या हाताचं औषध आता शाळेत चालत नाही बरं का, शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७. आम्हीपण खाल्लंय ते औषध, गुण नाही आला.

मोरपीस११

औषधाबद्दल कोणी लिहील का? आमच्या घरी नुसता शब्द काढला तर सासूबाई म्हणतात मुलगी झोपाळू होईल.

अबोली_नाशिक

लिहिते, पण डोस वगैरे कोणी विचारू नका आणि कोणी सांगूही नका.

तुझी ५ ची आहे ना, मग बहुतेक डॉक्टर आधी पालकांचं ट्रेनिंग सांगतील. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वंही ४ ते ६ वर्षं ह्या वयाला हेच म्हणतात, आधी आईबाप शिकणार, त्याने पुरलं नाही तर औषध. आमचं साडेसातला चालू झालं, मिथाइलफेनिडेट. हे शेड्यूल एक्समधे (कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत) येतं त्यामुळे कोपर्‍यावरच्या मेडिकलमधे मिळत नाही, ठराविक दुकानं, चिठ्ठी दोन प्रतीत, एक दुकानदार ठेवून घेतो. पहिल्यांदा गेले तेव्हा त्या मुलाने चिठ्ठी बघितली, मग मला बघितलं, मग आतल्या शेठना हाक मारली. मी जणू काही गांजा मागायला आले होते.

झोपाळू नाही होत. उलट भूक मरते, डबा तसाच परत यायचा आणि रात्री साडेआठ वाजता हा पातेल्यात वाकून बघायचा. म्हणून मग सकाळी गोळीच्या आधी पोटभर पोहे आणि रात्री दुसरं जेवण असं बसवलं. वजन उंची डॉक्टर दर भेटीत मोजतात. काहींना हे चालत नाही, त्यांना ॲटोमॉक्सेटिन देतात, त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात.

आणि मित्र? गोळीने मित्र मिळत नाहीत. पण तिसर्‍या का चौथ्या दिवशी जेवताना ताई काहीतरी सांगत होती आणि ह्याने तिचं वाक्य पूर्ण होऊ दिलं. आम्ही तिघं घास हातात घेऊन त्याच्याकडे बघत बसलो होतो.

जर्सीची_गाय

(हो, आयडी माझाच, नवर्‍याने ठेवलाय.) आम्ही न्यू जर्सीत. इथे शाळेत ५०४ प्लॅन मिळाला, १९७३ च्या एका कायद्यातलं कलम आहे, त्यात जास्तीचा वेळ, मधेमधे उठून फिरायची मुभा वगैरे लेखी मिळतं. शाळेची काउन्सेलर चार मुलांना घेऊन डबा खाते आणि तेव्हा बोलायचं कसं, थांबायचं कसं हे शिकवते. ते सगळं छान आहे. पण इथे खाली पार्किंग नाही गं. प्लेडेट दोन आठवडे आधी ठरवायची आणि एकदा बिनसलं की समोरची आई पुढचे सहा महिने गोड हसून बिझी असते. तुझ्याकडे रोज साडेपाचला दहा पोरं आपोआप जमतात आणि काल भांडलेली आज विसरतात, ह्याचा मला फार हेवा वाटतो.

रात्रपाळी

मी पुरुष, ३४, तीन वर्षांपूर्वी निदान झालं, ते पण भाच्याचं चालू असताना बहीण म्हणाली हे सगळं तुझंच वर्णन आहे. आनुवंशिकता ह्यात बरीच असते, जुळ्यांच्या अभ्यासांत ७० टक्क्यांच्या पुढे आकडा येतो. त्यामुळे आईबाबांनी आपापल्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांचे शेरे एकदा काढून बघा, हलके घ्या.

मला विचाराल तर मार लक्षात राहिला नाही. लक्षात राहिलं ते हे, की मी कट्ट्यावर जाऊन काहीतरी बोलायचो आणि सगळे गप्प व्हायचे, आणि मला कळायचंच नाही की नक्की काय झालं. आगाऊ म्हणायचे. आगाऊ म्हणजे काय केलं की आगाऊ, हे कोणी सांगितलं नाही. तुम्ही त्याला सांगितलंय का, नाव घेऊन? सात वर्षांच्या मुलाला कळतं. नाही सांगितलं तरी तो स्वतःला काहीतरी नाव ठेवतोच, आणि ते एडीएचडीपेक्षा वाईट असतं.

तिरकस

भावना पोचल्या. मारायचं मी गमतीत म्हटलं होतं, पण तुम्ही सगळे म्हणताय तर माघार. आमच्या वाड्यात सगळं आपोआप व्हायचं एवढंच म्हणणं होतं.

खडूफळा

काका, आपोआप कुठे व्हायचं? ओट्यावर कोणीतरी म्हातारं माणूस दिवसभर बसलेलं नसायचं का? तांदूळ निवडत नाहीतर वाती वळत. आमच्या आळीत एक आजी होत्या, पोरांत जरा हातघाई व्हायला लागली की नुसतं "काय रे?" म्हणायच्या, बस. मान वर न करता. ओटी ताई म्हणतायत ते अर्धा सेकंद आधी म्हणजे तेच की.

तिरकस

होत्या खर्‍या. आमच्या इथे अक्का. तिच्या हातात सुपारीचा अडकित्ता असे.

आता लिहायला बसलोच आहे तर लिहितो. माझा धाकटा भाऊ असाच होता. नदीत सगळ्यात आधी उडी त्याची, दहावीला तीनदा बसला, वडिलांनी पट्ट्याने मारलेलं आहे. खेळायला त्याला कोणी घेत नसे, मीही नाही घ्यायचो, मला लाज वाटायची. अक्का तेवढी त्याला जवळ बसवून सुपारी फोडायला द्यायची. तिच्याजवळ तासभर बसे, हे मला आत्ता आठवतंय. पुढचं लिहीत नाही. हेमाशेपो.

मोरपीस११

काका, हे शेवटचं पोस्ट नको. लिहा परत.

कोरांटी

थोडा उशीर झाला, शाळेच्या मीटिंगमधे अडकले होते. शाळेने सर्टिफिकेट मागितलंय, आणि २०१६ च्या दिव्यांग कायद्याच्या २१ प्रकारांत एडीएचडी वेगळं नाहीये, लर्निंग डिसॅबिलिटी आहे, ती तपासतात तिसरीत किंवा ८ वर्षांच्या पुढे. तो वेगळा धागा होईल, आत्ता नको.

त्या मुलीच्या आईकडे गेले. चहा दिला तिने. म्हणाली मला वाटलं तुम्ही भांडायला आलात. मी सांगितलं सगळं. ऐकून घेतलं, "हो का, कळत नाही ना बघून" म्हणाली. मुलीने कोपर दाखवलं मला, खपली पडायला आलीय म्हणून अभिमानाने. एवढंच झालं, काही गळ्यात गळे घातले नाहीत.

चिरंजीवांनाही सांगितलं. आमच्या डॉक्टरीणबाईंनी एक सुचवलं होतं तसं, तुझ्या डोक्यात गाडीचं इंजिन आहे आणि ब्रेक सायकलचे आहेत. तो विचार करून म्हणाला, "मग ब्रेक कधी येणार?" म्हटलं येतायत, हळू येतायत. "तोपर्यंत हॉर्न वाजवू का?"

साधीसुधी_ओटी

वाजवू दे की हॉर्न! खरंच, ढकलण्याऐवजी काहीतरी ओरडणं ही मोठी पायरी आहे. ओरडला की लगेच, त्याच सेकंदाला शाबासकी, रात्री झोपताना नाही.

कोरांटी

दीड महिन्याने लिहितेय, धागा वर आल्याबद्दल सॉरी.

मी आता आठवड्यातून तीन दिवस घरून काम मागून घेतलंय आणि त्या दिवशी साडेपाचला खाली पार्किंगच्या कठड्यावर बसते. आई म्हणून नाही, भाजी निवडायला. खडूफळा सरांच्या आजी डोक्यात राहिल्या होत्या. जानेवारीअखेर मटार होते, आता मेथी. चिरंजीव पहिले दोन दिवस रागावले, मग मटाराच्या शेंगा पळवायला बाकीचीही पोरं यायला लागली आणि मी सार्वजनिक झाले. "काय रे?" म्हणायला शिकतेय. माझं अजून "अरे अरे अरे अरे सोड त्याला" असंच निघतं.

केजीवाला दर शनिवारी येतो, पाऊण तास, घड्याळ लावून. दोघं मिळून कुंडीत पाणी घालतात म्हणजे बाथरूमपासून बाल्कनीपर्यंत तळं करतात. गेल्या शनिवारी घड्याळ वाजल्यावर तो केजीवाला रडला, त्याला जायचं नव्हतं. रडला तो रडला, पण माझ्या मुलाच्या घरातून जायचं नाही म्हणून रडला.

आणि रविवारी लपाछपी होती. ह्याने सांगून टाकलं मी लिंबू नाही, मला राज्य द्या. दिलं. शंभरपर्यंत मोजताना छत्तीसवरून एकदम सत्तरवर गेला ते सगळ्यांनी सोडून दिलं. पहिल्यांदा धप्पा बसला, परत राज्य. दुसर्‍यांदा धप्पा बसला. तिसर्‍यांदा त्या कोपरवाल्या मुलीनेच मागून येऊन दिला, हा लाल झाला, मला वाटलं आता ढकलतोय, मी मेथीची जुडी टाकून अर्धी उठले. ह्याने पायातली चप्पल काढून भिंतीवर फेकली, जोरात "हॉर्न!" असं ओरडला आणि जिन्याने वर निघून गेला. मी म्हटलं संपलं.

पाच मिनिटांनी स्वतःच खाली आला, एका चपलेत. म्हणाला, "मी टाइमप्लीज घेतली होती."

त्यावर राज्य असताना टाइमप्लीज घेता येते का नाही ह्यावरून पोरांचं जे भांडण जुंपलं ते अंधार पडेपर्यंत. ठरलं नाहीये अजून.

तिरकस

आमच्याकडे राज्य असताना टाइमप्लीज चालत नसे.

खडूफळा

आमच्याकडे चालायची. पण एकदाच.